पथ्याचा कागद आणि पथ्याचा क्रम

प्रमेह व स्थौल्य या व्याधींत पथ्यापथ्याचे महत्त्व वैद्यबंधूंना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. औषधपत्रासोबत पथ्याचा छापील कागदही बहुतेक चिकित्सालयांत दिला जातो. तथापि पुढील भेटीत चौकशी केली असता त्यातील बरेचसे पथ्य सुटलेले आढळते आणि दोष रुग्णाच्या मनोनिग्रहावर जातो. आमच्या मते त्या कागदावर पथ्य असते, पण क्रम नसतो. आणि टिकाऊ बदल क्रमानेच घडतो.

या दृष्टीने अमेरिकेतील डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्राम हे संशोधन अभ्यसनीय आहे. २००२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ३२३४ व्यक्ती त्यात होत्या. आहार-व्यायामाच्या गटास शरीरभार ७ टक्क्यांनी कमी करणे व आठवड्यास १५० मिनिटे व्यायाम करणे अशी दोन उद्दिष्टे दिली होती. त्यासाठी पहिल्या २४ आठवड्यांत प्रत्येकास १६ धडे व्यक्तिशः शिकविले गेले आणि पुढेही भेटी चालू राहिल्या. सरासरी सुमारे पावणेतीन वर्षांत या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ही घट ३१ टक्के होती. पुढे काहींचे वजन पुन्हा वाढले, तरीही १५ वर्षांच्या पाठपुराव्यात २७ टक्क्यांचा लाभ शिल्लक होता. चेन्नई येथील ५३१ भारतीयांवरील संशोधनात (२००६) वजनात लक्षणीय घट न होताही आहार-व्यायामाने हा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. म्हणून काटा हलला नाही एवढ्यावरून रुग्णास निराश होऊ देऊ नये.

आपल्या शास्त्रात हे सूत्र पूर्वीपासूनच आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सातव्या अध्यायात अहितकर सवय अंशाअंशाने, मध्ये अंतर ठेवून सोडावी व हितकर गोष्ट तशीच अंगी बाणवावी, असा पादांशिक क्रम वर्णिला आहे. एकविसाव्या अध्यायात स्थूल व्यक्तीस गुरु परंतु अपतर्पण आहार सांगितला आहे. स्थूलाचा अग्नी तीक्ष्ण असतो. त्यास केवळ उपाशी ठेवल्यास पथ्य मोडणारच. व्यायामही क्रमशः वाढविण्याचा तेथे निर्देश आहे, तर अर्धशक्तीची मर्यादा वाग्भटांनी घातली आहे.

प्रत्यक्ष व्यवहारात १६ आठवड्यांची आखणी पुढीलप्रमाणे करता येईल. पहिल्या आठवड्यात काहीही बंद करू नये. रुग्णाने खाल्ले-प्यालेले सर्व वहीत लिहावे. चार वेळचा गोड चहा, दुपारची झोप, उपवासाची साबुदाणा खिचडी यांचा हिशेब त्यातूनच हाती येतो. दुसऱ्या आठवड्यापासून एका वेळी एकच सवय धरावी. चहातील साखर चौथ्या हिश्श्याने कमी करावी व ते अंगवळणी पडल्यावरच पुढचा हिस्सा घ्यावा. रात्रीच्या भाताऐवजी आधी आठवड्यातून दोन दिवस ज्वारीची भाकरी व मुगाचे वरण किंवा कुळथाचे पिठले असावे. चालणे १० मिनिटांपासून आरंभून ३० मिनिटांवर न्यावे. कपाळावर घाम व तोंडास कोरड ही अर्धशक्तीची खूण रुग्णास समजावून द्यावी. दर आठवड्यास वही पाहावी. वजन, कंबरेचा घेर व रक्तदाब नोंदवावा. सोळाव्या आठवड्यानंतर भेट महिन्यावर न्यावी, बंद करू नये.

येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. इन्शुलिन वा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेणाऱ्या रुग्णाचा आहार कमी व व्यायाम अधिक झाला, तर रक्तशर्करा धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. त्याच्या चिकित्सकाशी विचारविनिमय करूनच आरंभ करावा. औषध परस्पर बंद करू नये. हृद्रोगी, गर्भिणी व कृश प्रमेही यांना ही आखणी जशीच्या तशी लावू नये.

औषधविक्रेत्या बंधूंनाही यात मोठे कार्य आहे. वजन उतरविणारे चूर्ण वा गुग्गुळ मागणाऱ्या ग्राहकास इतर कोणती औषधे चालू आहेत, हे आधी विचारावे. आहारनोंदीची एक वही सोबत द्यावी आणि वैद्याकडे पाठवावे. डबी महिन्यात संपते. जडलेली सवय पुष्कळ काळ सोबत राहते. प्रत्येक चिकित्सालयाने निदान पाच रुग्णांवर ही आखणी अवलंबावी व त्यांच्या नोंदी जपून ठेवाव्यात, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.