दाढ ठणकते तेव्हा

दिवाळीच्या चार दिवसांत दातांचे बरेचसे दवाखाने बंद असतात आणि दाढ नेमकी तेव्हाच डोके वर काढते. त्याला कारणही आहे. आधीच किडीने पोखरलेल्या दाढेचा कोपरा कडक चकलीने तुटतो, डिंकाच्या लाडवाने जुने सिमेंट निघून येते आणि येता-जाता तोंडात टाकलेल्या शंकरपाळ्यांची साखर दिवसभर दातांवर राहते. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की ठणका सुरू होतो. डॉक्टर भेटेपर्यंतची ती रात्र कशी काढायची, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवे.

ठणका येतो कुठून?

दातावरचे कवच हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि दाताच्या पृष्ठभागावरचा पीएच साधारण ५.५च्या खाली गेला की या कवचातली खनिजे विरघळू लागतात. कीड अशी आत आत सरकत दाताच्या गाभ्यातल्या मऊ गरापर्यंत पोहोचते. या गरात नसा आणि रक्तवाहिन्या असतात. पाय मुरगळला तर सुजेला पसरायला जागा असते. दाढेतला गर मात्र चहूबाजूंनी कठीण भिंतींत कोंडलेला असतो. सूज आली की आतला दाब वाढतो आणि नस ठणकू लागते. आडवे झाल्यावर डोक्याकडे रक्त जास्त येते, म्हणून रात्री हा त्रास वाढतो.

दुखण्याच्या तऱ्हेवरूनही बरेच कळते. गार पाण्याने क्षणभर शिरशिरी येऊन थांबत असेल, तर साध्या सिमेंटवर भागण्याची शक्यता असते. कळ बराच वेळ रेंगाळत असेल, काही न खाता-पिता उठत असेल किंवा झोपेतून जागे करत असेल, तर बहुधा रूट कॅनाल करावे लागते, नाहीतर दाढ काढावी लागते. चावतानाच कळ येत असेल तर दाढेला तडा गेलेला असू शकतो किंवा मुळाशी पू झालेला असू शकतो.

रात्र काढण्यासाठी

पहिले काम सफाईचे. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चुळा भराव्यात आणि दोन दातांत अडकलेले अन्न दोऱ्याने हलक्या हाताने काढावे. कधी कधी हिरडीत रुतलेला एखादा कणच सगळ्या त्रासाचे मूळ असतो. सुई, टाचणी किंवा काडीपेटीतल्या काडीने मात्र टोकरू नये.

दुसरे, गालावर बाहेरून थंड शेक. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे धरावा आणि मध्ये विश्रांती द्यावी. गरम पिशवीचा शेक टाळावा. पू झालेला असेल तर उष्णतेने सूज वाढू शकते. उशाला दोन उशा घेऊन डोके उंच ठेवावे.

तिसरे, वेदनाशामक गोळी. दाढदुखीत आयबुप्रोफेन चांगले काम करते, कारण ते वेदनेबरोबर सूजही कमी करते. प्रौढ माणसाने ४०० मिलिग्रॅमची एक गोळी जेवणानंतर घ्यावी, दोन गोळ्यांत सहा ते आठ तासांचे अंतर ठेवावे आणि स्वतःच्या मनाने दिवसाला तीनपेक्षा जास्त घेऊ नयेत. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार किंवा दमा असलेल्यांनी, रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पावसाळ्यानंतरच्या या दिवसांत अंगात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल, तरीही ती टाळावी, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. अशा वेळी पॅरासिटामॉल बरे. त्याची ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची गोळी सहा तासांच्या अंतराने घ्यावी. २४ तासांत ४,००० मिलिग्रॅमची मर्यादा कधीही ओलांडू नये. यकृताचा आजार असलेल्यांसाठी किंवा रोज दारू पिणाऱ्यांसाठी ही मर्यादा आणखी कमी असते. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, तेही हिशेबात धरावे. मुलांचा डोस वजनावर ठरतो. मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नये.

आजीच्या बटव्यातली लवंग

दाढेखाली लवंग धरण्याच्या उपायामागे शास्त्र आहे. लवंगेच्या तेलाचा मोठा भाग युजेनॉल हा घटक असतो आणि तो नसांमधून जाणारा वेदनेचा संदेश काही वेळ दाबून टाकतो. दंतवैद्य झिंक ऑक्साइडबरोबर युजेनॉल मिसळून तात्पुरते सिमेंट भरतात. दातांच्या दवाखान्यातला तो ओळखीचा वास याचाच. पण शुद्ध तेल हिरडीला, जिभेला भाजते. खोबरेल तेलात एखादा थेंब मिसळून कापसाचा छोटा बोळा फक्त दाढेवर ठेवावा आणि थोड्या वेळाने काढून टाकावा. हे तेल लहान मुलांना लावू नये आणि त्यांच्या हाती लागू देऊ नये. पोटात गेल्यास यकृताला गंभीर इजा होऊ शकते.

हे मुळीच करू नये

ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवली तर तिथली कातडी भाजून पांढरी पडते. गोळी गिळल्यावरच काम करते. मशेरी किंवा तंबाखूचा बार दाढेत भरल्याने थोडी बधिरता येते, पण त्यातून व्यसन लागते आणि तोंडाच्या कर्करोगाची वाट मोकळी होते. रॉकेल, बिब्बा किंवा दारू दाढेवर लावल्याने दुखण्यात जखमेची भर पडते.

रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतले किडे पाडून दाखवणारे आजही भेटतात. दात पोखरणारा किडा असतो ही समजूत फार जुनी आहे. बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर अशा किड्यावरचा मंत्र सापडतो. युरोपात खुरासानी ओव्याच्या बिया जाळून असाच धूर देत, आणि भाजलेल्या बियांतून बाहेर पडलेले वळलेले अंकुर लोकांना किडे वाटत. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली आपल्या ग्रंथात ही कल्पना नाकारली आणि १८९०मध्ये विलोबी मिलर यांनी जिवाणू व आम्ल यांचा संबंध मांडला. धुरीने पडते ते बियांतले. दाढेतली कीड जिथल्या तिथे राहते.

उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या घेण्याची सवयही सोडली पाहिजे. नुसत्या गराच्या सुजेवर त्यांचा उपयोग नसतो. ताप किंवा पसरणारी सूज असेल तर त्या लागतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचे.

सकाळची वाट पाहू नये असे काही

गाल किंवा हनुवटीखालचा भाग झपाट्याने सुजला, डोळा मिटू लागला, ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा श्वास अडखळू लागला, तर त्याच क्षणी मोठे रुग्णालय गाठावे. जबड्याखाली पसरलेला पू श्वासमार्ग दाबून जीव घेऊ शकतो. मधुमेह्यांनी तर साध्या सुजेकडेही दुर्लक्ष करू नये. जबड्याच्या कळेबरोबर छाती भरून येत असेल, दरदरून घाम सुटत असेल किंवा चालताना कळ वाढत असेल, तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. तिथे लवंग शोधत बसू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे. रात्रभर ठणकलेली दाढ एका सकाळी अचानक शांत झाली की माणूस सुटकेचा निःश्वास टाकतो आणि डॉक्टरांकडे जाणे लांबवतो. अनेकदा ही शांतता गर मेल्याची असते. नस मेली म्हणून कळ थांबली. संसर्ग मुळाकडून हाडात उतरतच असतो. घरगुती उपाय वेळ मिळवून देतात, उपचार करत नाहीत.

खर्चाच्या धास्तीने अंगावर काढणाऱ्यांसाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालये आहेत, मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे; तिथे कमी खर्चात उपचार होतात. लहान खड्डा वेळेत भरला तर दाढ वाचते आणि पैसेही वाचतात. तेव्हा यंदा फराळाचे डबे रिकामे होण्याआधी घरातल्या सगळ्यांचे दात एकदा तपासून घ्या, आणि दाढ दुखून थांबली असेल तर दवाखाना उघडताच पहिला नंबर लावा.