अंधाराचे तिकीट
(राखीव रानांचा देश : लेखांक ६)

कोस्टा रिकाचे सरकार सत्तरच्या दशकात एकामागून एक राष्ट्रीय उद्याने जाहीर करत होते आणि त्याच वर्षांत उद्यानांच्या कुंपणाबाहेर गुरांच्या कुरणांसाठी जंगल आडवे होत होते, हे गेल्या आठवड्यात पाहिले. नकाशावर हिरवा रंग भरणे सोपे. त्या रंगाला लागून राहणाऱ्या माणसाने खायचे काय, हा प्रश्न मात्र उरतोच. त्याचे उत्तर शोधायला आज तोर्तुगेरोला जाऊ.

एकीकडे कॅरिबियन समुद्र, दुसरीकडे कालवे आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर हे गाव. रस्ता नाहीच, होडीने जायचे, नाहीतर छोट्या विमानाने. अटलांटिकच्या बाजूला हिरवी कासवे सर्वांत मोठ्या संख्येने अंडी घालतात ती इथल्या पुळणीवर, मुख्यतः जुलै ते ऑक्टोबर या काळात. एकेकाळी हीच गावाची सुगी होती. मादी वाळूत चढली की तिला उताणी करायची. उताणे कासव कुठेही पळत नाही. मांस आणि सुपासाठी लागणारी कवचालगतची कूर्चा परदेशी जाई. आर्ची कार या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने 1955 पासून इथल्या कासवांना धातूचे बिल्ले लावायला सुरुवात केली. 1959 मध्ये कासवांच्या संरक्षणासाठी संस्था निघाली आणि 1975 मध्ये उद्यान कायद्याने पक्के झाले.

कायद्याने शिकार गुन्हा ठरली, पण पोटाची सोय झाली नाही. ती झाली पर्यटकांमुळे, आणि गावातल्याच माणसांना वाटाडे म्हणून तयार केल्यामुळे. त्यातून नवीच अडचण उभी राहिली. कासव दाखवायचे तर शोधायला हवे, आणि शोधण्यासाठी घोळके रात्री पुळण तुडवू लागले. वाळूत चढणारी मादी फार बुजरी असते. उजेड दिसला, हालचाल जाणवली की अंडी न घालताच माघारी फिरते. एकदा अंडी पडू लागली की मात्र ती सहसा उठत नाही.

या सवयीवरच पुढची सगळी व्यवस्था बेतली आहे. पुळणीवर फिरतात ते फक्त गावातले नेमलेले टेहळे. पाहुणे झाडीतल्या वाटेवर थांबतात. मादीने अंडी घालायला घेतली की टेहळ्याचा निरोप वाटाड्याला येतो, मग लहान गट मागच्या बाजूने जवळ जातो. गडद कपडे, बॅटरी नाही, कॅमेरा नाही, मोबाइल खिशात. टेहळ्यांचा मेहनताना पर्यटकांच्या शुल्कातून निघतो. सेल्फीच्या जमान्यात लोक पैसे मोजून अंधारात गप्प उभे राहतात, याचे मला अजूनही नवल वाटते. कोकणातल्या वेळासच्या कासव महोत्सवाला गेलेल्यांना ही शिस्त ओळखीची वाटेल. फरक इतकाच की तिथे गर्दी पिल्लांसाठी असते, इथे आईसाठी.

पण कासव काही गावचे नागरिक नव्हे. इथे अंडी घालणाऱ्या अनेक माद्या चरायला निकाराग्वाच्या किनाऱ्यालगतच्या सागरी गवतात जातात. कार यांचे बिल्ले तिथूनच मोठ्या संख्येने परत आले, कारण तिथले मिस्किटो कोळी पिढ्यान्‌पिढ्या कासव पकडून खातात. तोर्तुगेरोच्या तिकिटातला एक छदामही त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. पर्यटनाने शिकारी सुधारतो, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी ही हद्द ध्यानात ठेवावी. गावाच्या पुळणीवर जग्वारही कासव मारतो, पण तो उद्यानाचाच रहिवासी. त्याला कोण परवाना मागणार?

गर्दीचा दुसरा नमुना प्रशांत महासागराच्या बाजूला, मान्युएल अँतोनिओत दिसतो. देशातल्या सर्वांत लहान उद्यानांपैकी हे एक, आणि झुंबड मात्र सर्वाधिक. पर्यटकांच्या खाऊला चटावलेली माकडे पिशव्या हिसकावू लागली. आता आत खाद्यपदार्थ नेता येत नाहीत, रोजच्या प्रवेशाला मर्यादा आहे आणि मंगळवारी फाटक बंद असते.

शिवाय तिकिटाचा पैसा विमानतळावर अवलंबून. 2020 च्या मार्चमध्ये कोस्टा रिकाने परदेशी प्रवाशांना दारे बंद केली आणि उद्यानांचे उत्पन्न आटले. जंगल राखण्याचा खर्च काही थांबत नाही.

ऐंशीच्या दशकात देशाच्या जेमतेम चौथ्या हिश्शावर उरलेले जंगल आज निम्म्याहून अधिक भूभागावर आहे, आणि त्यातले बरेचसे उद्यानांच्या बाहेर, खासगी मालकीचे आहे. तिथे ना टेहळे, ना तिकीट. तिथल्या मालकाला झाडे उभी ठेवण्याचा मोबदला मिळतो तो 1996 च्या वनकायद्याने, आणि त्याचा मोठा भाग येतो पेट्रोल-डिझेलवरच्या करातून. तो हिशेब पुढच्या आठवड्यात.