टोपणनाव आणि घरचा पत्ता

मराठी कवीला टोपणनाव नवे नाही. वि. वा. शिरवाडकर ‘कुसुमाग्रज’ झाले, माणिक गोडघाटे ‘ग्रेस’ झाले. गझलेच्या शेवटच्या शेरात कवीने आपले तखल्लुस गुंफावे, असा तर रिवाजच आहे. पुस्तकावर ते नाव छापले जाते. घरचा पत्ता प्रकाशकाच्या वहीत राहतो. पण हाच कवी स्वतःची वेबसाइट काढू लागला, तर त्याच्या पत्त्याची वही कुणाकडे असते?

वेबसाइटच्या नावाला ‘डोमेन’ म्हणतात. ते रजिस्ट्रार कंपनीकडून ठरावीक वर्षांसाठी घ्यायचे आणि मुदत संपली की नूतनीकरण करायचे. नोंदणी करताना नाव, पत्ता, फोन, ई-मेल द्यावा लागतो. या नोंदी पाहण्यासाठी ‘हू-इज’ नावाची सोय होती. तिचे मूळ १९८२ सालचे. तेव्हा संगणकांच्या जाळ्यावर मोजकेच संशोधक होते. एकमेकांचा पत्ता ठाऊक असणे सोयीचेच होते. पुढे सारे जग त्या जाळ्यात आले, तरी ही वही उघडीच राहिली.

तलाकबद्दल लिहिणारी एखादी भगिनी किंवा गावच्या कारभारावर बोट ठेवणारा एखादा शिक्षक डोळ्यांपुढे आणा. ज्याला लिखाण रुचले नाही, त्याने लिखाणाशी वाद घालावा. तो थेट दाराशी येऊ नये, एवढेच आपले मागणे आहे.

२५ मे २०१८ रोजी युरोपचा माहिती-संरक्षण कायदा लागू झाला. डोमेनांचे नियम ठरवणाऱ्या ‘आयकॅन’ या संस्थेला त्यामुळे खासगी तपशील झाकण्याची मुभा द्यावी लागली. २८ जानेवारी २०२५ पासून ‘.कॉम’सारख्या नावांसाठी ‘हू-इज’ची सक्तीही संपली, त्या जागी ‘आरडॅप’ ही नवी पद्धत आली. आज बहुतेक ठिकाणी व्यक्तीचे नाव व पत्ता झाकलेला असतो. मात्र राज्य आणि देश दिसू शकतात.

तरी चार गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, तपशील झाकला जातो का, हे पैसे भरण्यापूर्वी रजिस्ट्रारला विचारावे. दुसरी, ‘संस्था’ या रकान्यात विचार करूनच लिहावे. तिथला मजकूर उघड होऊ शकतो. तिसरी, या कामासाठी वेगळा ई-मेल ठेवावा. चौथी, ‘.इन’ नावांसाठी आपल्याऐवजी त्रयस्थाचे नाव पुढे करण्यास परवानगी नाही, हे ध्यानात असू द्यावे.

खोटा पत्ता मात्र देऊ नये. तो उघडकीस आला तर डोमेन बंद होऊ शकते, आणि मालकी सिद्ध करायची वेळ आली तर हातात पुरावा उरत नाही. शिवाय न्यायालयाने मागितल्यास खरी माहिती द्यावीच लागते, आणि ते योग्यच आहे. एकदा उघड झालेली नोंद इतरांनी जपून ठेवलेली असू शकते. म्हणून काळजी घ्यायची ती नोंदणीच्या पहिल्या दिवशीच. टोपणनाव वाचकांसाठी, खरे नाव वहीसाठी. आणि ती वही मिटलेली आहे ना, हे आपण स्वतः पाहून घ्यावे.