रविवार, बाबा आणि लाल तेल

सिग्नल सुटला, मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि गाडीने आधी चक्क उसासा टाकला. मग झटका! कर्वे रोडवर सकाळी सव्वानऊला असा झटका बसला की मागचे सगळे आपली लायकी काढतात, हे पुणेकरांना सांगायला नको.

गाडी बाबांची, २०११ची होंडा सिटी ऑटोमॅटिक. त्यांच्या डाव्या गुडघ्याने क्लचशी कायमची कट्टी केली म्हणून घेतलेली. हल्ली मी चालवते. एका गॅरेजवाल्याने पाच मिनिटांत निकाल दिला, ‘मॅडम, गिअरबॉक्स उघडावा लागेल.’ आकडा ऐकून मी गाडी विकायलाच निघाले होते. बाबा एवढंच म्हणाले, ‘अगं, तेल कधी बदललंय?’

बिलं काढली. इंजिन ऑइल दर वर्षी. गिअरबॉक्सचं? ८२ हजार किलोमीटरपूर्वी!

ऑटोमॅटिकमध्ये हे तेल म्हणजे नुसतं वंगण नाही. त्याच्या दाबावर गिअर पडतात, इंजिनाची ताकदही टॉर्क कन्व्हर्टरमधून त्याच्याच मार्फत पुढे जाते. म्हणून तेल मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच घ्यायचं, आमच्या गाडीला डीडब्ल्यू-१. (तुमची गाडी एएमटी किंवा सीव्हीटी असेल तर तेलही वेगळं आणि पद्धतही.)

रविवारी पार्किंगमध्ये बाबा प्लास्टिकच्या खुर्चीत, मी जमिनीवर. ‘आधी स्टँड लाव. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही,’ हे त्यांनी तीनदा सांगितलं. हँडब्रेक, मागच्या चाकांना विटा, मग स्टँड. ड्रेन प्लगमध्ये रॅचेटचं चौकोनी टोकच थेट बसतं. इंजिन कोमट होतं, तरी तेल कोपरापर्यंत आलं. रंग काळपट तपकिरी, वास जळका. प्लगच्या चुंबकावर राखाडी लगदा होता. तो चालतो, धातूचे तुकडे नकोत. ते दिसले नाहीत तेव्हा कुठे मी श्वास सोडला.

प्लगला नवा वॉशर लावला. निघालेलं तेल मोजलं, साधारण अडीच लिटर. तेवढंच नवं, लालचुटुक, लांब नळीच्या नरसाळ्याने डिपस्टिकच्या भोकातून ओतलं. अंदाजपंचे नाही हं, जास्त झालं तरी वांधे! मग गाडी खाली उतरवली, इंजिन गरम केलं, बंद केलं आणि दीड मिनिटाच्या आत डिपस्टिक पाहिली.

मेख अशी की एका वेळी निम्म्याहून कमीच तेल निघतं. उरलेलं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. त्यामुळे मध्ये आठवडाभर गाडी चालवून हाच कार्यक्रम तीन रविवार केला. जुनं तेल कॅनमध्ये भरून, वापरलेलं ऑइल रिसायकलिंगला देणाऱ्या वर्कशॉपमध्ये पोचवलं. गटारात ओतायची आयडिया शेजारच्यांची होती.

तिसऱ्या रविवारी बाबांनी चावी मागितली. सोसायटीला दोन फेऱ्या मारून आले.

‘झटका गेला. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना किंचित अडखळते.’ मग खुर्ची ओढत म्हणाले, ‘अजून एकदा करायचं का?’