सरकत्या भिंतींचें घर

घर पाहावें बांधून, असें आपल्याकडे म्हणतात. बांधणाराच्या पैशाची त्यांत परीक्षा होते हें खरें. परंतु त्याहूनहि कठीण परीक्षा होते ती विचाराची. आपणांस घरांत कसें राहावयाचें आहे, या प्रश्नाचें उत्तर मालकापाशीं नसलें म्हणजे गवंड्याच्या सवयीचें घर उभें राहतें आणि पुढें जन्मभर माणसें त्या घराच्या सोयीनें वागतात. हें उत्तर आधीं ठरवून मग बांधलेलें एक लहानसें घर हॉलंडमधील उत्रेख्त शहरांत आहे. तें १९२४ सालीं, म्हणजे दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत बांधलें गेलें आणि २००० सालीं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत त्याची नोंद झाली.

या घराच्या मालकीण श्रीमती त्रुस श्रोडर. १९२३ सालीं त्यांचे वकील पती वारले, तेव्हां त्यांच्या पदरीं तीन मुलें होतीं. तोंवर ज्या मोठ्या घरांत संसार झाला, त्यांतील उंच छतांच्या खोल्या त्यांना मानवल्या नव्हत्या. मुलांच्या संगोपनाविषयींहि पतिपत्नींचें एकमत नव्हतें. मुलांनीं वडील माणसांच्या सहवासांत वाढावें, घरांत चालणारें चार शहाण्यांचें बोलणें त्यांच्या कानांवर पडावें, अशी श्रोडरबाईंची मनापासून इच्छा होती. नव्या घराचें बीज या इच्छेंत आहे.

घराचा आराखडा त्यांनीं गेरिट रीटफेल्ड यांच्या सहकार्यानें तयार केला. रीटफेल्ड हे लाकडी सामान बनविणाऱ्या कारागिराचे पुत्र. त्यांनीं स्वतःहि तोच धंदा केलेला. १९१७ सालीं निघालेल्या ‘द स्टाइल’ या नियतकालिकाभोंवतीं जमलेल्या कलावंतांत त्यांची गणना होते. सरळ रेषा, काटकोन, तांबडा, निळा व पिवळा हे तीन मूळ रंग आणि त्यांच्या जोडीला पांढरा, करडा व काळा, एवढ्या मोजक्या साधनांवर या मंडळींचा भर असे.

वरच्या मजल्याच्या पहिल्या आराखड्यांत नेहमींप्रमाणें पक्क्या भिंती होत्या. त्या काढून टाकतां येतील काय, असें श्रोडरबाईंनीं विचारलें आणि रीटफेल्ड यांनीं तें आनंदानें मान्य केलें. मात्र ज्याला एकांत हवा त्याला तो मिळावा, हीहि बाईंची अट होती. यावर तोड निघाली ती सरकत्या भिंतींची. मध्यभागीं जिना, त्यावर उजेडासाठीं छतांत कांचेचा झरोका आणि सभोंवार दिवसभर एकच मोकळें दालन; रात्रीं खांचांतून भिंती ओढल्या कीं बैठकीची जागा व मुलांच्या निजण्याच्या खोल्या निरनिराळ्या होत. इमारतीच्या नियमांत असा मजला बसण्यासारखा नव्हता, म्हणून नकाशावर त्याला ‘पोटमाळा’ म्हटलें. तळमजल्यावर स्वयंपाकघर, अभ्यासिका वगैरे खोल्या पक्क्या भिंतींच्याच ठेविल्या.

विटांच्या घरांच्या एका रांगेच्या टोकाला हें घर चिकटलेलें आहे. त्याचे पांढरे व करडे सपाट पृष्ठभाग एकमेकांना ओलांडून पुढें गेलेले दिसतात, आणि मधून लोखंडी तुळयांच्या रंगीत रेषा उठतात. पाहणारास तें सारें काँक्रीटचें वाटतें. वस्तुतः पाया व सज्जे एवढेच काँक्रीटचे आहेत. एवढ्याशा घरास तें महाग पडे. म्हणून भिंती विटांच्या बांधून त्यांना गिलावा केला. पूर्वेकडील कोपऱ्यांतल्या खिडकीची खुबी अशी कीं, तिच्या दोन्ही झडपा उघडल्या म्हणजे कोपऱ्यांत खांब उरतच नाहीं. त्या काळीं शहराची हद्द येथें संपे, आणि समोरचें मोकळें कुरण जणुं घरांत येई.

शेजाऱ्यांना हा प्रकार रुचला नाहीं. शाळेंत मुलांना चिडवण्यांतहि आलें. श्रोडरबाई मात्र डगमगल्या नाहींत. मुलें मोठीं होऊन बाहेर पडलीं, तसतसे त्यांनीं घरांत फेरफार केले. पुढें खालचें स्वयंपाकघर वर नेऊन तळमजला भाड्यानें दिला. पत्नीच्या निधनानंतर रीटफेल्ड येथेंच राहावयास आले व १९६४ सालीं येथेंच वारले. त्याच सुमारास घरासमोरून उंच भराव घालून रस्ता गेला आणि कुरणाकडे जाणारी नजर कायमची अडली. घर स्वतःच्या भिंती सरकवूं शकतें. शहरानें घातलेली भिंत त्याला सरकवितां येत नाहीं.

सुमारें साठ वर्षें या घरांत काढून श्रोडरबाई १९८५ सालीं निवर्तल्या. रीटफेल्ड यांच्या हाताखालीं काम केलेले वास्तुविशारद बेर्तुस मुल्डर यांनीं नंतर घराचा अंतर्भाग विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांतील मूळ रूपांत आणला, आणि १९८७ पासून तें लोकांस पाहण्यासाठीं खुलें झालें. जतन करावयाचें म्हटलें कीं एक क्षण निवडून वास्तु तेथें थांबवावी लागते. हें घर तर माणसांबरोबर बदलत राहण्यासाठीं बांधलेलें. त्यामुळें मालकिणीनें मागाहून केलेले कित्येक फेरफार या जतनांत पुसले गेले. तो तोटा मान्य केलाच पाहिजे. तथापि वरच्या मजल्यावर गेलेल्या पाहुण्यांसमोर मार्गदर्शक आजहि भिंती ओढून दाखवितात. एका दालनाच्या खोल्या होतात, आणि भिंती मागें सारल्या कीं पुन्हां आई आणि मुलें एकत्र बसत तें दालन मोकळें होतें.