माग विषाणूचा, आळ माणसावर नको

मिरज म्हणजे दवाखान्यांचे गाव. कर्नाटकातूनही रुग्ण येथे येतात. सांगली जिल्ह्यातील इस्लामपुरात सौदी अरेबियातून परतलेल्या चौघांना कोरोना झाल्याचे 23 मार्च 2020 रोजी कळले. बघता बघता रुग्ण 26 झाले, बहुतेक एकमेकांचे नातेवाईक. त्यांच्यावर मिरजेत उपचार झाले. कोण कोणाला भेटले, हे विचारून तेव्हा साखळी शोधली गेली. पण माणसाला सगळे आठवत नाही आणि भीतीपोटी काही जण सांगतही नाहीत. अशा वेळी विषाणूच साक्ष देतो.

ती कशी? समजा, सासूबाईंच्या वहीतून बिर्याणीची कृती दोन सुनांनी उतरवली. थोरलीने ‘शहाजिरे’ऐवजी ‘जिरे’ लिहिले. पुढे जिच्या वहीत हीच चूक दिसेल, तिची कृती थोरलीकडूनच आली असावी. विषाणूही शरीरात स्वतःच्या प्रती काढतो. कोरोना विषाणूचा जनुकीय मजकूर सुमारे 30,000 अक्षरांचा. त्यात सुरुवातीच्या काळात महिन्याला साधारण दोन बदल टिकून राहत. नेहमीची तपासणी विषाणू आहे की नाही एवढेच सांगते. जनुकीय क्रमनिर्धारणात हा सगळा मजकूर वाचला जातो.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने भारतातील पहिल्या रुग्णांपैकी दोघांच्या नमुन्यांचा मजकूर वाचला. दोघेही वुहानहून केरळात आलेले. पण मजकूर एकसारखा नव्हता. म्हणजे विषाणू देशात वेगवेगळ्या वाटांनी शिरला होता.

या विद्येलाही मर्यादा आहे. एकाच घरात चार दिवसांत आजारी पडलेल्यांचा मजकूर बहुधा सारखाच निघतो. कोणाकडून कोणाला लागण झाली, हे केवळ अक्षरांवरून ठरत नाही. त्यासाठी प्रवासाची, भेटीगाठींची खरी माहिती लागतेच. आणि ती माणूस तेव्हाच देतो, जेव्हा त्याला बोट दाखवले जाण्याची धास्ती नसते. विषाणूच्या नव्या प्रकाराला देशाचे नाव चिकटून बदनामी होऊ नये, म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 31 मे 2021 रोजी डेल्टासारखी ग्रीक अक्षरे वापरायला सुरुवात केली.

आम्हाला वाटते, हाच धडा मोहल्ल्यानेही घ्यावा. ताप आला तर लपवू नका, कोठून आलात, कोणाकडे जेवलात ते आरोग्यसेविकेला खरे सांगा. आणि शेजारी आजारी पडला, तर ‘यानेच आणला’ म्हणण्याआधी त्याच्या दारात जेवणाचा डबा ठेवा.