से-री आणि तिच्यामागून आलेल्या मुली

अमेरिकेच्या एलपीजीए टूरवर, म्हणजे व्यावसायिक महिला गोल्फच्या सर्वांत मोठ्या मैदानावर, कोरियन खेळाडूचा पहिला विजय मार्च १९८८ मधला. जिंकणारीचं नाव कू ओक-ही. दुसऱ्यांच्या बॅगा वाहणारी कॅडी म्हणून तिनं सुरुवात केली आणि त्यातूनच ती खेळाडू झाली. पण त्या वर्षी दक्षिण कोरिया सोल ऑलिंपिकच्या तयारीत गुंतला होता, आणि गोल्फ म्हणजे पैसेवाल्यांची चैन हे लोकांच्या मनात पक्कं बसलेलं होतं. कूच्या विजयाची मायदेशी फारशी दखल कुणी घेतली नाही. दहा वर्षांनी आणखी एक कोरियन मुलगी जिंकली, तेव्हा मात्र लोक पहाटे उठून टीव्हीसमोर बसले होते. ती पाक से-री. कोरियन पद्धतीत आडनाव आधी येतं. जग तिला से-री पाक म्हणून ओळखतं.

मधल्या दहा वर्षांत खेळ बदलला नव्हता, देशाची परिस्थिती बदलली होती. नोव्हेंबर १९९७ मध्ये कोरियाची परकीय गंगाजळी आटली आणि सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरावे लागले. बँका बुडाल्या, मोठमोठे उद्योग कोसळले, काल नोकरीवर असलेली माणसं आज घरी बसली. १९९८च्या सुरुवातीला देशाचं कर्ज फेडण्यासाठी सोनं गोळा करण्याची मोहीम निघाली. सुमारे ३५ लाख लोकांनी रांगा लावून लग्नातल्या अंगठ्या, साखळ्या, बाळाच्या वाढदिवसाला आलेली वळी आणून दिली. जवळपास २२७ टन सोनं जमलं. घरातलं सोनं अगदी शेवटी निघतं हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. कोरियातल्या घराघरांत ते निघालं होतं, त्याच वर्षीच्या जुलैत से-री अमेरिकन ओपन खेळायला उतरली.

ती २० वर्षांची होती. विस्कॉन्सिन राज्यातल्या कोहलर गावचं ब्लॅकवुल्फ रन हे मैदान त्या आठवड्यात इतकं अवघड होतं, की चार दिवसांच्या ७२ होलनंतर एकीचाही गुणफलक पारच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या फटक्यांच्या, खाली नव्हता. सहा ओव्हर पारवर, २९० फटक्यांत, दोघी बरोबरीत होत्या. एक से-री, दुसरी जेनी चुआसिरिपोर्न ही थाई आईबापांची अमेरिकन विद्यार्थिनी. जेनी हौशी खेळाडू. शेवटच्या होलवर तिनं चाळीसेक फुटांचा पट होलमध्ये टाकला, तेव्हा स्वतःच अचंबित होऊन तिचा हात तोंडावर गेला होता. त्या काळच्या नियमाप्रमाणे सोमवारी पुन्हा पूर्ण १८ होलचा प्लेऑफ झाला.

सतरा होलनंतरही दोघी बरोबरीतच. अठराव्या टीवरून से-रीचा चेंडू डावीकडे भरकटला आणि तळ्याच्या उताराच्या काठावर, दाट गवतात अडकला. खाली पाणी. सरळ उभं राहायलाही जागा नाही. एक दंडाचा फटका घेऊन चेंडू मोकळ्या जागी टाकता आला असता. पण अशा क्षणी एक फटका म्हणजे बहुधा सामनाच. तिनं बराच वेळ वर-खाली येऊन चेंडू पाहिला. मग काठावर बसून बूट काढले, मोजे काढले आणि ती पाण्यात उतरली. उन्हात खेळून पोटऱ्या काळ्या-तपकिरी झालेल्या, आणि घोट्याखालची पावलं पांढरीफटक. चेंडू जवळपास तिच्या गुडघ्यांच्या उंचीवर होता. तिनं लांबचा विचारच केला नाही. गवतातून तो नुसता उपटून फेअरवेच्या बाजूला आणला. होल बोगीत, म्हणजे पारपेक्षा एक फटका जास्त घेऊन, संपला. जेनीलाही पार साधला नाही. मग जी आधी होल जिंकेल ती विजेती, अशा सडन डेथच्या दुसऱ्या होलवर, म्हणजे त्या दिवसाच्या विसाव्या होलवर, से-रीनं बर्डी केली, पारपेक्षा एक फटका कमी. पाच दिवस, एकूण ९२ होल. त्या वेळची ती या स्पर्धेची सर्वांत तरुण विजेती ठरली.

खेळ म्हणून पाहिलं, तर तो फटका फार देखणा नव्हता. त्यानं ती जिंकली असंही नाही. ती फक्त हरली नाही. पण कोरियाला तेव्हा नेमकं तेच हवं होतं. पुढे सरकारी जाहिरातीत तीच पांढरी पावलं वारंवार दिसली, मागे यांग ही-उन या गायिकेचं ‘सांगनोक्सू’ हे जुनं गाणं. आजही त्या पिढीच्या कोरियन माणसाला ‘आयएमएफचं वर्ष’ म्हटलं, की सोन्याच्या रांगा आणि ती पावलं एकत्रच आठवतात.

त्या पावलांना चालायला शिकवलं वडिलांनी. से-रीचा जन्म २८ सप्टेंबर १९७७ चा, देजॉन शहरातला. शाळेत ती धावपटू होती, अडथळ्यांची शर्यत पळायची, गोळा फेकायची. गोल्फचं वेड वडिलांना होतं, त्यांनी ते मुलीकडे वळवलं. पहाटे उठून पंधरा मजली इमारतीचे जिने चढायचे, कधी सरळ, कधी उलट्या पावलांनी. धीट व्हावी म्हणून रात्री स्मशानात नेल्याची गोष्ट तर जगभर छापून आली. तिचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात, त्यामुळे ती मी इथे दंतकथा म्हणूनच नोंदवतो. दंतकथा नसलेली गोष्ट अशी, की १९९२ मध्ये, शाळकरी वयात, तिनं कोरियातली व्यावसायिक महिलांची स्पर्धा जिंकली होती. १९९६ मध्ये ती व्यावसायिक झाली, सॅमसंगनं तिला करारबद्ध केलं आणि प्रशिक्षक डेव्हिड लेडबेटर यांच्याकडे फ्लोरिडाला पाठवलं. भाषा येत नव्हती, ओळखीचं कुणी नव्हतं. १९९८ च्या मे महिन्यात, टूरवरच्या पहिल्याच वर्षी, तिनं एलपीजीए चॅम्पियनशिप ही मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या स्पर्धांपैकी एक, जिंकली. ब्लॅकवुल्फ रन ही दुसरी.

तिथून ती थेट टोलिडोला गेली. प्लेऑफनंतर चारच दिवसांनी तिनं ६१ची फेरी खेळली, तो तेव्हाचा टूरवरचा विक्रम. स्पर्धा तिनं नऊ फटक्यांनी जिंकली. शरद ऋतूत मायदेशी परतली तेव्हा मिरवणुका, सत्कार, भेटीगाठी यांना अंत नव्हता. शरीरानं साथ सोडली आणि रुग्णालयात दाखल व्हावं लागलं. कॅमेरे तिथंही पोचले. अंथरुणावर पडलेली वीस-एकवीस वर्षांची मुलगी देशानं बातम्यांत पाहिली. कौतुकानं माणसाला कसं पिळता येतं, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला खेळाच्या इतिहासात सापडलेलं नाही.

पुढची पाच-सहा वर्षं ती आणि स्वीडनची अनिका सोरेनस्टाम, ऑस्ट्रेलियाची कॅरी वेब या तिघींचा काळ. २००१ मध्ये ब्रिटिश ओपन, २००२ मध्ये पुन्हा एलपीजीए चॅम्पियनशिप. २००३ मध्ये कोरियातल्या पुरुषांच्या व्यावसायिक स्पर्धेत ती खेळली, कट पार केला आणि दहाव्या क्रमांकावर बरोबरीत आली. २००४ च्या मे महिन्यात हॉल ऑफ फेमसाठी लागणारे गुण पुरे झाले.

आणि तिथंच सगळं थांबलं. मैदानावर उभी राहिली की चेंडू कुठे जाईल याचा भरवसा राहिला नाही. २००५ मध्ये कमाईच्या यादीत ती शंभराच्याही खाली गेली, बोटालाही दुखापत झाली. या काळाबद्दल ती नंतर मोकळेपणानं बोलली. गोल्फ कसा खेळायचा हे तिला सगळ्यांनी शिकवलं होतं, विसावा कसा घ्यायचा हे कुणीच शिकवलं नव्हतं. जिन्यांच्या पायऱ्या मोजणाऱ्या वडिलांनी नाही, कंपनीनं नाही, देशानं तर नाहीच. मेरीलँडमध्ये २००६ च्या एलपीजीए चॅम्पियनशिपला प्लेऑफच्या पहिल्याच होलवर तिनं दोनशे यार्डांवरून हायब्रिडनं मारलेला चेंडू होलपासून काही इंचांवर थांबला आणि ती जिंकली. समोर कॅरी वेब होती. माझ्या लेखी से-रीचा खरा थोर फटका हा. तो तिनं कुणासाठीही नव्हे, स्वतःसाठी मारला होता.

तोवर टूरचा चेहराच बदलला होता. १९९८ ची पहाट पाहिलेल्या लहान मुलींना घरच्यांनी शहरातल्या जाळी लावलेल्या बहुमजली सराव केंद्रांवर नेलं होतं. २००८ मध्ये एलपीजीएवर ४५ कोरियन खेळाडू होत्या. कोरियात त्यांना ‘से-री किड्स’ म्हणतात. त्यांतल्या पाक इन-बीनं त्याच वर्षी विसाव्या वाढदिवसाआधी अमेरिकन ओपन जिंकून से-रीचाच वयाचा विक्रम मोडला. आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये एलपीजीएनं फतवा काढला, की टूरवर दोन वर्षं झालेल्या खेळाडूंना तोंडी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागेल, नापास झाल्यास निलंबन. रोख कुणावर होता हे उघड होतं. सगळीकडून टीका झाल्यावर काही दिवसांतच तो मागे घ्यावा लागला. चेंडूला इंग्रजी कळत नाही, एवढं साधं सत्य एका जागतिक संघटनेला बाहेरच्यांनी सांगावं लागलं.

२०१२ मध्ये अमेरिकन ओपन पुन्हा ब्लॅकवुल्फ रनवर आली. जिंकली चोई ना-यॉन, चौदा वर्षांपूर्वी लहानपणी तो प्लेऑफ टीव्हीवर पाहिलेली. तिच्यावर शॅम्पेन उडवायला धावलेल्यांत से-री होती. जेनी मात्र कधीच गोल्फ सोडून परिचारिका झाली होती.

२०१६ मध्ये महिला गोल्फ ११६ वर्षांनी ऑलिंपिकमध्ये परतलं. रिओत कोरियाच्या संघाची प्रशिक्षक से-री होती. तिनं मुलींना जिने चढायला लावले नाहीत. बाजारहाट करून त्यांना घरचं जेवण रांधून घातलं. अंगठ्याच्या दुखापतीतून आलेल्या इन-बीनं सुवर्ण जिंकलं, तेव्हा प्रशिक्षकच जास्त रडली. त्याच मैदानावर बेंगळुरूची अठरा वर्षांची अदिती अशोकही खेळत होती. पाच वर्षांनी टोकियोत तिचं कांस्य एका फटक्यानं हुकलं आणि आपल्याकडेही लोक एका शनिवारी भल्या सकाळी, अनेक जण आयुष्यात पहिल्यांदाच, गोल्फ पाहत बसले.

रिओनंतर दोनच महिन्यांनी, ऑक्टोबरात, से-री इंचॉनला शेवटची फेरी खेळली. ८० फटके. पाच मेजर आणि एलपीजीएचे एकूण २५ विजय नावावर ठेवून ती निवृत्त झाली.

जून २०२४ मध्ये ती सोलमध्ये पत्रकारांसमोर आली. तिच्या नावाच्या फाउंडेशननं कागदपत्रांच्या बनावटीबद्दल पोलिसांत तक्रार केली होती, ती तिच्या वडिलांविरुद्ध. वर्षानुवर्षं आपण वडिलांची देणी फेडत आलो, यापुढे ती जबाबदारी आपली नाही, असं तिनं रडत रडत, पण स्पष्ट सांगितलं. ज्या समाजात आईवडिलांना नाही म्हणणं जवळजवळ पाप मानतात, तिथं हे जाहीरपणे बोलायला पाण्यात उतरण्याहून जास्त धैर्य लागतं. हा निर्णय तिनं फार उशिरा घेतला, पण तो योग्यच होता.